गुलाबपाणी काढायचंय: नवशिक्यांसाठी फिटिंगची निवड

उद्देश आधी पाठ करावा. “गुलाबपाणी काढायचंय.” आरशासमोर उभं राहून म्हणून बघा. हसू फुटता कामा नये आणि चेहरा फार निरागसही होता कामा नये; निरागस चेहऱ्यावर लोक जास्तच संशय घेतात. ही तयारी फालतू वाटेल. पण हार्डवेअरच्या दुकानात तुम्ही बारा फूट तांब्याची नळी, एक एल्बो, एक युनियन आणि पातेल्याच्या झाकणाला भोक पाडायला होल-सॉ एवढं एकापाठोपाठ मागितलंत, की काउंटरमागचा माणूस चष्मा कपाळावर नेऊन विचारणारच, “काय बनवायचंय?”

“गुलाबपाणी.”

“असं होय.” मग आत वळून, दुकानातल्या बाकीच्यांनाही ऐकू जाईल अशा बेताने: “अरे, साहेबांना गुलाबपाण्याचा एल्बो दाखव रे.”

गिऱ्हाइकं वळून बघतात. त्यातलं एखादं जवळ येऊन हळूच सांगतं की त्यांच्या गावाकडे याला सायकलची ट्यूब लावतात. आभार मानावेत, वाद घालू नये.

दुकानदाराचा संशय अनाठायी नाही, हेही समजून घ्या. गुलाबपाणी असो, ओव्याचा अर्क असो की आणखी काही, यंत्र एकच: भांडं, झाकण, वाकडी नळी, गार पाणी. आपल्याकडचा दारूबंदीचा कायदा १९४९ चा. आधी मुंबई दारूबंदी कायदा म्हणत, आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात. त्यात दारू गाळणं हा गुन्हा आहेच, पण ती गाळण्यासाठी भट्टी, भांडी, साहित्य बाळगणं हाही गुन्हा आहे. म्हणजे त्याच पातेल्यात पाकळ्या असल्या तर तुम्ही हौशी, आणि गूळ-नवसागर असला तर आरोपी. २०१५ साली मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं दगावली. त्यामुळे या बाबतीत पोलिसांना विनोदबुद्धी नसते आणि नसावीही. प्रस्तुत मार्गदर्शनात आंबवलेला कोणताही पदार्थ भांड्यात जाणार नाही. ज्यांचा हिरमोड झाला असेल त्यांनी इथेच थांबावं.

यंत्राची ओळख

फार वेळ घेत नाही. भांड्यात पाणी आणि पाकळ्या उकळतात, वाफ सुगंध घेऊन वर जाते, नळीतून पलीकडे जाते, गार होऊन थेंब थेंब खाली येते. झालं यंत्र. रसरत्नसमुच्चयात तिर्यक्पातन यंत्र सांगितलंय: दोन मडकी, मधे तिरकी नळी, सांधे मातीने लिंपलेले; त्यातून पारा शुद्ध करत. अर्क कसे काढावेत यावर अर्कप्रकाश नावाचा एक अख्खा ग्रंथ आहे आणि तो चक्क रावणाच्या नावावर सांगतात. दहा तोंडांच्या माणसाला चव घेण्याची सोय होतीच म्हणा. कनौजचे अत्तरवाले अजूनही तांब्याची डेग चुलीवर ठेवतात, बांबूच्या चोंग्यातून वाफ पाण्यात बसवलेल्या भपक्यात नेतात आणि सांधे माती-कापसाने बंद करतात. गोव्यात काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथली जुनी तऱ्हाही हीच: उकळायला एक भाण, एक नळी, थेंब झेलायला एक लावणी, आणि सांध्याला वारुळाची माती.

नवशिक्याने यातून एकच गोष्ट टिपावी. या सगळ्या परंपरेत एकही आटा नाही. ना निपल, ना सॉकेट, ना बुश. कोणी कधी दुकानात “अर्धा इंची द्या” म्हटलं नाही. माती होती, दोरी होती, बांबू होता, आणि ज्याला ते जमत होतं तो माणूस होता. आपल्याकडे शेवटचं सोडून सगळं विकत मिळतं.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर पुढे कुणीतरी आत्या सांगेल आणि पंचाईत होईल. थोडंसं गुलाबपाणी हवं असेल तर फिटिंग लागतच नाही. मोठ्या पातेल्यात पाकळ्या आणि पाणी, मधोमध विटेच्या तुकड्यावर एक वाटी, वर झाकण उलटं, झाकणाच्या खोलगट भागात बर्फ. वाफ झाकणाला लागते, थंड होते, घसरत मधल्या मुठीपाशी येते आणि वाटीत पडते. तासाभरात वाटी भरते. ही कृती इतकी सोपी आहे की तिचा छंद म्हणून काहीही उपयोग नाही. तेव्हा ती विसरा आणि थैली घेऊन दुकानात चला.

अर्धा इंच

सगळ्या दुःखाचं मूळ इथे आहे, म्हणून जरा बसून बोलू.

नवशिक्याची समजूत अशी असते की अर्ध्या इंचाची वस्तू अर्धा इंच असते. घरून पट्टी घेऊन या. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याचं अर्धं १२.७. आता दुकानातला अर्धा इंची जीआय पाइप मोजा. बाहेरून २१.३ मिलिमीटर. पाऊण इंचाहून जास्त! ठीक, म्हणजे आतून अर्धा असेल. आतून मोजा: सुमारे १६. आतून नाही, बाहेरून नाही, मधेही कुठे नाही. गेल्या शतकाआधी पाइपची भिंत जाड असायची तेव्हा आतलं भोक खरंच अर्ध्या इंचाच्या आसपास होतं म्हणतात. पुढे लोखंड सुधारलं, भिंत पातळ झाली, पण बाहेरचं माप बदललं तर जुने आटे बसेनात, म्हणून बाहेरचं तसंच ठेवलं आणि नावही तसंच ठेवलं. अर्धा इंच हे त्या पाइपचं माप राहिलेलं नाही. ते आता आडनाव आहे.

पुढच्या दुकानात चला. एसी दुरुस्तीवाल्यांना माल देणारं दुकान, जिथे तांब्याची मऊ नळी जिलेबीसारखी गुंडाळून टांगलेली असते. इथला अर्धा इंच मोजा. बाहेरून बरोब्बर १२.७. हे दुकान खरं बोलतं. त्यामुळेच याची नळी आधीच्या दुकानातल्या कुठल्याही फिटिंगमधे जात नाही. गेली तर मोकळी फिरते. मग सीपीव्हीसीचा अर्धा इंच घ्या, तो बाहेरून १५.९. बागेच्या रबरी पाइपचा अर्धा इंच आतून मोजतात. सिलिकॉनची नळी घ्यायला गेलात तर तो दुकानदार इंच म्हणतच नाही. आत किती मिलिमीटर आणि बाहेर किती मिलिमीटर असे दोन आकडे मागतो आणि तुमच्याकडे एकही नसतो.

यावर जुन्या प्लंबरांचा उपाय सुतांचा. आठ सूत म्हणजे एक इंच. चार सुती म्हणजे अर्धा. “चार सुती एल्बो” असं ठसक्यात म्हटलंत तर दुकानदार तुम्हाला पाच-सात सेकंद तरी धंद्यातला माणूस समजतो. पण सुतं मोजली तरी आडनाव आडनावच राहतं. नियम सोपा आहे: आकडा बोलू नका, नमुना दाखवा. जी नळी जोडायची तिचा तुकडा आणि जिच्यात जोडायची ती वस्तू, दोन्ही थैलीत टाकून न्या. दुकानातच एकमेकांत घालून बघा. दुकानदार म्हणेल, “घरी जाऊन टेफ्लॉन मारलं की बसेल.” जे दुकानात बसत नाही ते घरी बसत नाही.

आट्यांची गोष्ट वेगळीच. आपल्याकडचे नळ, निपल, सॉकेट सगळे इंग्रजी मापाचे. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज कारागिराने १८४१ साली आट्याचा कोन ५५ अंश ठरवला आणि आपण अजून तेच पाळतो. अमेरिकेत हाच कोन ६० अंशांचा. हौशी लोक पुढे पुढे परदेशी संकेतस्थळांवरून चकचकीत स्टीलची फिटिंग मागवतात, आणि इथे एक सुंदर सापळा आहे. अर्ध्या आणि पाऊण इंचात दोन्ही देशांचे आटे इंचाला १४ च आहेत. त्यामुळे अमेरिकन निपल आपल्या सॉकेटमधे पहिले दोन-तीन फेरे लोण्यासारखं जातं. तुम्ही खूश होता. चौथ्या फेऱ्याला जड लागतं; तुम्हाला वाटतं घट्ट बसतंय. पाचव्याला पाना लागतो. सहाव्याला पितळ किंचित किंचाळतं. यंत्र सुरू केल्यावर त्याच सांध्यातून वाफ फुसफुसत राहते, कितीही टेप गुंडाळा. एक इंचाला मात्र इंग्रजी ११ आणि अमेरिकन साडेअकरा, म्हणून तिथे पहिल्याच फेऱ्याला भांडण होतं आणि माणूस वेळीच शहाणा होतो. अर्ध्या इंचात फसवणूक गोड बोलून होते.

धातू

पीव्हीसी: नाही. पांढरा, स्वस्त, हलका, आणि वाफेसमोर मऊ पडून मान टाकतो. सीपीव्हीसी गरम पाण्यासाठीच आहे हा युक्तिवाद तुम्ही करणार, सगळेच करतात. त्याची मर्यादा ९३ अंश. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. म्हणजे पुणेकरांनासुद्धा पाच अंश कमी पडतात. शिवाय त्याच्या सांध्याला जे सोल्युशन लावतात त्याचा वास सात वर्षं जात नाही, आणि आपण इथे वासाचंच काम करतोय.

जीआय: नाही. वरचा जस्ताचा थर गरम, आंबूस वाफेत उतरतो. गुलाबपाणी डोळ्यांवर ठेवायचं आहे.

पितळ: इथे वाद आहे. बाजारातल्या पितळी फिटिंगमधे धातू सहज कापला जावा म्हणून दोन-तीन टक्के शिसं घातलेलं असतं. एखादा छोटा निपल असला तर मी डोळेझाक करीन, पण सगळं यंत्र पितळी करणार नाही. शिशाबद्दल आगाऊ सावध राहायला कारण आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधे १७२३ सालीच रम गाळणाऱ्यांनी शिशाची डोकी आणि नळ्या वापरू नयेत म्हणून कायदा करावा लागला होता. इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात लोकांना सफरचंदाच्या दारूने पोटात भयंकर कळा यायच्या. जॉर्ज बेकर नावाच्या डॉक्टरने १७६७ मधे दाखवलं की घाण्यातल्या शिशामुळे हे होतंय. तेव्हा परगण्याने त्याचे आभार मानले नाहीत. नंतर अमेरिकेच्या दक्षिणेत चोरून दारू गाळणाऱ्यांनी मोटारीचे जुने रेडिएटर गार करायला वापरले आणि त्यातल्या डाखामधलं शिसं पिणाऱ्यांच्या रक्तात उतरलं. भंगारवाल्याकडे रेडिएटर बघून तुमचे डोळे चमकले असतील तर पुढचं वाक्य दोनदा वाचा. रेडिएटर नाही.

म्हणून डाख लावायचाच तर बिनशिशाचा, कथिल-तांब्याचा मागा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातली नेहमीची तार बहुधा कथिल-शिशाची असते, ती परत करा.

राहिलं तांबं आणि स्टील. स्टील घ्या, कुणी अडवणार नाही. ३०४ ग्रेडचं म्हणून मागा आणि चुंबक खिशात ठेवा. पण यंत्र तांब्याचंच असावं असं मला वाटतं. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत अजून हातोडीचा आवाज येतो. पेशवाईत कोकणातून आलेल्या कारागिरांची घरं ती. तिथे मठाराचं काम केलेलं गोल बुडाचं भांडं मिळतं, ते डेगेच्या जवळ जातं. तुमच्या घरच्या माळ्यावर आजीचा बंब असेल तर त्याचा विचार मनातून काढा. त्याच्या पोटातून धुराचं नळकांडं गेलेलं असतं आणि तोटी खाली असते. आपल्याला वाट वर हवी. बंबात मनीप्लांट लावलेला आहे तो राहू द्या.

भांड्याला आतून कल्हई करून घ्यायची असेल तर कल्हईवाल्याला शुद्ध कथिल वापरायला सांगा. तो नवसागर मागेल, भांडं तापवून त्यावर नवसागर फिरवल्याशिवाय कथिल धरत नाही. किराणावाल्याकडे नवसागर घ्यायला जाताना पहिल्या परिच्छेदातली तयारी पुन्हा करा, कारण हातभट्टीवाल्यांनाही तोच लागतो. “कल्हईसाठी,” म्हणा. आजकाल कोण कल्हई करतं, असा प्रश्न येईल. त्याला उत्तर नाही.

झाकणापासून नळीपर्यंत

झाकणाला पाण्याच्या टाकीला लावतात ते टाकी निपल लावायचं. झाकणाला भोक, निपल खालून वर, दोन्ही बाजूंना वॉशर, वरून चेक नट. वॉशर रबराचा नको, खाण्याच्या दर्जाच्या सिलिकॉनचा घ्या. काळं रबर वाफेत टायरच्या दुकानाचा वास सोडतं. भोक झाकणाच्या मधोमध पाडा. मूठ काढावी लागेल. ती काढताना घरातल्या ज्या व्यक्तीचं ते झाकण आहे तिला विश्वासात घेणं हा फिटिंगचाच भाग समजावा.

निपलवर एक युनियन. ही एकच चैन मी सुचवतो. वरची नळी न पिळता झाकण सुटं करता आलं पाहिजे, नाहीतर प्रत्येक वेळी पाकळ्या काढताना सगळी कमान हलते. युनियननंतर एल्बो घेतात लोक, मग दुसरा एल्बो, मग एक छोटा तुकडा, मग रिड्यूसर, मग बुश, आणि शेवटी नळी कशात बसवायची हे बघायला पुन्हा दुकान. प्रत्येक वळणाला एक सांधा आणि प्रत्येक सांध्याला एक गळती. मऊ तांब्याची नळी हातानेच वाकते. तिच्यात बारीक कोरडी वाळू गच्च भरा, दोन्ही टोकं बंद करा आणि खांबाभोवती हळूहळू वळवा. वाळू नसेल तर मीठ चालतं, पण मग नंतर नीट धुवा. वाळू न भरता वळवलंत तर नळीला घडी पडते, आणि त्या घडीतून वाफ जाताना जो सूर निघतो तो शेजारी ओळखतात.

मातब्बर हौशी माणूस आता बॉल व्हॉल्व्ह दाखवेल. लाल हँडलचा, वजनदार, हातात घेतला की परत ठेवावासा वाटत नाही असा. वाफेच्या वाटेवर तो लावायचा नाही. एक लिटर पाण्याची सतराशे लिटरच्या आसपास वाफ होते, म्हणजे दोन गोदरेज कपाटं भरतील एवढी. ती वाट मोकळीच हवी. जो ती बंद करू शकतो असा कोणताही भाग त्या वाटेवर नको. अगदी टोकाची नळीसुद्धा बाटलीच्या तोंडात घट्ट खुपसू नका, नुसती आत सोडा. कुकरची शिटी काढून त्या जागी नळी बसवणारे आहेत. त्यांनी निदान सुरक्षा झडपेला हात लावू नये. पाकळी नळीत अडकली तर बाहेर पडायला वाफेला तेवढा एकच दरवाजा उरतो.

झाकण आणि भांडं यांच्यामधल्या सांध्याला गॅस्केट शोधत हिंडू नका. कणीक मळा. नेहमीपेक्षा जरा सैल, बोटाएवढी वळी करून कडेभोवती दाबत न्या, वरून ओल्या हाताने लिंपा. दहा मिनिटांत आच लागून ती कडक होते, रंग बदलतो, आणि वाफ बंद. आत कधी दाब वाढलाच तर सगळ्यात आधी तीच फुटते, भांडं नाही. सांधा उकलायचा असेल तेव्हा उलथन्याच्या टोकाने टिचकी मारा, चकत्या निघतात. हार्डवेअरच्या सगळ्या दुकानात मिळून याच्यापेक्षा चांगली फिटिंग मला माहीत नाही, आणि ती डब्यात असते.

टेप, पाना

टेफ्लॉन टेप १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेटला योगायोगाने सापडलेल्या पदार्थाची. २६० अंशांपर्यंत तिला काही होत नाही, आपल्या वाफेचं तिला हसू येतं. गुंडाळताना आट्यांकडे समोरून बघा आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळा. तीन-चार वेढे, जरा ताणून. उलटी गुंडाळलीत तर सॉकेट फिरवताना ती सुटत जाते आणि शेवटी कडेला पांढरी मिशी जमते. दुरून बघणाऱ्या प्लंबरला त्या मिशीवरून तुमची सगळी जन्मपत्रिका कळते. सुतळी आणि सफेदा हे जुन्या उस्तादांचं काम, पण डबीवर आत काय आहे ते लिहिलेलं नसेल तर गुलाबपाण्यात नको.

पाने दोन घ्या. एकाने धरायचं, दुसऱ्याने फिरवायचं. एकाच पान्याने आवळलंत तर झाकणातलं निपलही त्याच्याबरोबर फिरतं आणि खालचा वॉशर चुरगळतो. हाताने जेवढं जाईल तेवढं, मग पान्याने एक-दीड फेरा. तिथे थांबा. पितळ आवळून आवळून घट्ट होत नाही, तडकतं.

गार पाणी

पाऊण इंची नळी एवढ्यासाठी नको की ती गार पाण्याच्या बादलीत वळत नाही. पाव इंची एवढ्यासाठी नको की वाफ अडते. तीन सुती, म्हणजे एसीवाल्याची साडेनऊ मिलिमीटरची, बरी पडते. दहा-बारा फुटांची गुंडाळी, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यापेक्षा खाली. मधेच कुठे वेढा वर चढला तर त्या खळग्यात पाणी साचतं, वाफ त्यामागे अडते, मग एकदम ढकलते: गुळगुळ, शांतता, गुळगुळ, शांतता. बादलीच्या बुडाजवळ नळी बाहेर काढायला पुन्हा एक टाकी निपल लागेल असं तुम्हाला वाटेल. नको. बादलीला भोक पाडून भोवती सिलिकॉन लावणाऱ्या सगळ्यांचे पाय ओले झालेले मी बघितलेत. बादली स्टुलावर ठेवून नळीचं टोक तिच्या कडेवरून खाली आणता येईल असं वाटलं तर तेही नको, ते वर चढणंच झालं. जुना माठ घ्या, ज्याला आधीच तोटीचं भोक आहे. नळी त्या भोकातून काढा आणि भोवती पुन्हा कणीक, यावेळी बाहेरून मेणाचा लेप देऊन.

पाण्याचा हिशेब आधी करा. एक लिटर पाण्याची वाफ पुन्हा पाणी करायला वीस-पंचवीस लिटर गार पाणी गरम होतं. मार्च-एप्रिलमधे, गावठी गुलाब स्वस्त असतात तेव्हाच, सोसायटीत टँकर येत असतो. ते गरम पाणी फेकू नका, भांडी घासायला वापरा. चेअरमनना तसं सांगा. त्यांना गुलाबपाण्याचं पटणार नाही, पण पाणीबचतीचं पटेल.

पहिली फेरी

पहिल्या फेरीत नुसतं पाणी. सांध्यातून वाफ गळते का बघायचं, आणि इथे एक गंमत आहे: खरी वाफ दिसत नाही. जो पांढरा धूर दिसतो तो गार झालेला, सांध्यापासून दोन बोटं लांब. मधली मोकळी दिसणारी जागाच भाजते. तेव्हा बोट लावून बघू नका. फ्रिजमधला थंड चमचा सांध्याजवळ धरा. चमच्यावर धुकं धरलं तर गळती. दुसऱ्या फेरीत पाण्यात वाटीभर व्हिनेगर, नळीतलं तेल आणि डाखाचा वास निघून जायला. दोन्ही फेऱ्यांचं पाणी मोरीत.

मग पाकळ्या. मावळातल्या पॉलीहाऊसमधून येणारे लांब दांड्याचे लालभडक गुलाब आणाल तर एवढं सगळं करून हाती कोमट पाणी येईल. ते दिसण्यासाठी वाढवलेत, वासासाठी नाही, आणि फवारण्याही खाऊन आलेत. गुलकंदवाले घेतात तो गावठी गुलाब, सकाळी लवकर, फूलबाजारातून किलोभर. चार लिटर पाणी, मंद आच. लिटर-सव्वा लिटर जमलं की गॅस बंद, भांडं कोरडं पडू देऊ नका.

बाटलीला नाक लावाल तर वास जरा शिजवलेल्या भाजीचा येईल. गुलाब त्याच्या मागे असतो. बाटलीच्या तोंडाला मलमलीचा तुकडा बांधून सावलीत ठेवा, चार-आठ दिवसांत भाजी उडून जाते. तोवर युनियन खोला, वॉशर वाळत घाला आणि नळीतून एकदा उकळतं पाणी सोडून ती उलटी टांगा; तांब्यात ओल राहिली तर हिरवं धरतं आणि पुढच्या खेपेला ते आधी निघतं.